नाकाची नोकरी

आमच्या काकूंच्या डाव्या हातावर मनगटापासून चार बोटं वरपर्यंत केस नव्हते. उजव्या हातावर होते, चांगले ठसठशीत होते, आणि ते काढावेत असं पार्लर चालवणाऱ्या या बाईला कधी वाटलं नाही. डावा हात मात्र कामाचा होता. वॅक्स गरम झालं की गिऱ्हाइकाच्या अंगाला लागण्याआधी त्याचा पहिला ठिपका काकूंच्या मनगटावर पडायचा. मशीनवर तापमानाचा काटा होता, पण काट्याला कातडी नसते, असं त्यांचं म्हणणं.

डोंबिवली पूर्वेला एका स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन, एक आडवं पडायचा पलंग आणि समोरासमोर दोन खिडक्या. एसी नव्हता. समोरच्या इमारतीत काचेचं, थंडगार सलून उघडलं तेव्हा बायका आम्हाला टोचून बोलायला लागल्या. काकू त्यांना शांतपणे सांगायच्या, की थंड हवा पाहिजे असेल तर माथेरान आहे, इथे वारा मिळेल. दोन्ही खिडक्या सताड उघड्या आणि त्यांच्या मधोमध गिऱ्हाईक, अशी त्यांची मांडणी. मे महिन्यात आम्ही घामाने निथळायचो आणि मनातल्या मनात काकूंचा उद्धार करायचो.

त्यांना जगात सगळीकडे धोका दिसायचा. फरशीवर तेलाचा थेंब म्हणजे कुणाचा तरी मोडलेला खुबा. उघडी कात्री म्हणजे टाके. वॅक्सची काडी एकदा वापरली की कचऱ्यात टाकून भागायचं नाही, ती मोडून टाकायची, म्हणजे कुणाला परत उचलायचा मोह नको. स्ट्रेटनर बंद केला की बंद करणाऱ्या मुलीने मोठ्याने ‘बंद’ म्हणायचं आणि दुसरीने प्लग स्वतःच्या डोळ्यांनी बघून ‘बघितलं’ म्हणायचं. नुसतं ‘हो हो’ चालायचं नाही. फेशियलला डोळे मिटून पडलेल्या बायका दचकून उठून बसायच्या. आम्ही दोघीच मुली होतो, मी आणि सुरेखा. सुरेखा शीळफाट्याहून यायची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती म्हणायची, आपण पार्लरमध्ये आहोत की वीज मंडळात, तेच कळत नाही.

भुवया करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरतात, सगळीकडेच धरतात. मीही क्लासात तसंच शिकले होते. पहिल्या दिवशी माझा दोरा तोंडात गेला मात्र, काकूंनी कात्री आणून तो माझ्या ओठांजवळ कापला. “तुझी थुंकी त्यांच्या कपाळाला कशाला?” एवढंच बोलल्या. आमच्याकडे दोऱ्याचं टोक गळ्यात अडकवायचं. त्याने काम सावकाश व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत मानेवर लाल वळ उठायचा. लग्नानंतर माझ्या सासूबाईंनी तो वळ पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाला स्वयंपाकघरात नेऊन दबक्या आवाजात जाब विचारला होता. बिचारा तासभर शपथा घेत होता.

आता मला नोकरी कशी मिळाली ते सांगते, कारण तेव्हा मला वाटलं होतं की माझी हुशारी बघून मिळाली. त्या दिवशी आम्ही तिघी मुली आलो होतो. एकीकडे मोठ्या अकादमीचं सर्टिफिकेट होतं, चक्क लॅमिनेट केलेलं. काकूंनी ते बघितलंही नाही. आमच्यासमोर त्यांनी कापसाचे पाच ओले बोळे ठेवले आणि प्रत्येकीला म्हणाल्या, वास घेऊन सांगा, कशाकशाचे आहेत. मी पाचही ओळखले आणि वर सांगितलं की गुलाबपाणी जुनं झालंय. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी सुवर्णपदक जिंकून आणलं. दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाल्या. सर्टिफिकेटवाली जिन्यात मला म्हणाली, येडी आहे ही बाई, सांभाळून राहा.

येडेपणाचे पुरावे रोज मिळायचे. सकाळी खिडक्या उघडण्याआधी काकू विचारायच्या, “आज आहे का गं?” वारा कारखान्यांच्या बाजूने आला की डोंबिवलीत एक कुजकट, रंगाच्या डब्यासारखा वास येतो. जुन्या लोकांना तो कळतही नाही, माझ्यासारख्या कोलशेतहून आलेल्यांना डोक्यात जातो. मी ‘आहे’ म्हटलं तर काकू थांबायच्या, ‘नाही’ म्हटलं तर उघडायच्या. नवीन बाटली आली की आधी माझ्या नाकाखाली. दूध आलं की माझ्या नाकाखाली. मला वाटायचं, बाईचा स्वतःवर विश्वास नाही, म्हणून दुसऱ्याकडून खात्री करून घेतात. थोडा मानही वाटायचा. घरी मी सांगायचे, काकू मला विचारल्याशिवाय काही करत नाहीत.

गिऱ्हाइकांना मात्र त्या विचारून विचारून हैराण करायच्या. प्रत्येकीचं एक कार्ड होतं. साखर आहे का, बीपी आहे का, मेंदी लावून कधी खाज सुटली का, सोनं अंगाला चालतं का. केस सरळ करायला आलेल्या बाईला तर हमखास, “दिवस गेलेत का?” एकदा एक नवी सून सासूबरोबर आलेली. काकूंनी खणखणीत आवाजात विचारलं. सून लालबुंद, सासू तिच्याकडे वळून बघायला लागली, आणि सून ठामपणे नाही म्हणाली. चार महिन्यांनी ती पोट घेऊन बाजारात दिसली. काकूंनी बोटांवर हिशेब केला आणि पार्लरला येऊन तिच्या कार्डावरची तारीख दोनदा बघितली.

आपल्याकडे तीन महिने सांगायचं नसतं. दृष्ट लागते, म्हणून आईला आणि सासूला सोडून कुणाला कळू द्यायचं नाही. काकूंना ही रीत मान्य नव्हती, पण रीतीशी भांडून कुणी खरं बोलत नाही हे त्यांना त्या दिवशी पटलं. मग त्यांनी युक्ती काढली. केमिकल लावण्याआधी प्रत्येक बाईला, अगदी साठीच्या बाईलासुद्धा, त्या सांगायच्या की मनात काही शंका असेल तर कारण सांगू नका, फक्त ‘आज नुसतं तेल’ म्हणा, मी तेल लावून देईन आणि काही विचारणार नाही. आणि खरंच विचारायच्या नाहीत. बायका ‘आज नुसतं तेल’ म्हणायच्या आणि आम्ही तिघी भिंतीकडे बघून तेल कोमट करायचो.

मला दिवस गेले ते या सगळ्यानंतर. आधी एकदा राहिलं होतं आणि दुसऱ्या महिन्यातच गेलं होतं. त्या वेळी मी आनंदाच्या भरात पार्लरभर सांगितलं होतं, आमच्या इमारतीतसुद्धा. नंतर सासूबाई मला काही टाकून बोलल्या नाहीत, पण एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, या वेळी जिभेला जरा आवर घाल. ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. म्हणून या वेळी नवरा आणि सासूबाई सोडून मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. मला हे मूल हवं होतं, इतकं की त्याचं नाव काढायचीही भीती वाटत होती.

युक्ती गिऱ्हाइकांसाठी होती. मी गिऱ्हाईक नव्हते. केस सरळ करायचं काम माझ्याकडे आणि सुरेखाकडे असायचं, आणि ऐन लग्नसराईत मी ‘आज नुसतं तेल’ म्हणाले असते तर सुरेखाने दहा मिनिटांत ओळखलं असतं. मी तोंडाला रुमाल बांधला आणि काम करत राहिले. मनाला सांगितलं की खिडक्या आहेत, काकूंनी आणलेलं क्रीम चांगलं आहे, आणि अजून तीनच आठवडे काढायचेत.

त्याच आठवड्यात एक विक्रेता नवीन क्रीम घेऊन आला. जुनं मिळत नव्हतं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की घातक काही नाही. काकूंचा डब्यावर विश्वास नव्हता. हे क्रीम केसांना लावून, वाळवून, वरून तापलेलं मशीन फिरवतात आणि त्याचा धूर निघतो. वाईट क्रीम असेल तर तो धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, हे त्या आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगत आलेल्या. त्यांनी कापलेल्या केसांच्या एका तुकड्याला क्रीम लावलं, वाळवलं, मशीन फिरवलं आणि तो तुकडा माझ्यासमोर धरला.

माझ्या पोटात ढवळलं. डोळ्यांना सुई टोचल्यासारखं झालं. पण गेले आठ दिवस मला सगळ्यानेच तसं होत होतं. बेकरीच्या पावाने, नवऱ्याच्या साबणाने, सासूबाईंच्या फोडणीने. मला वाटलं, हे क्रीम नाही, हे माझंच आहे. आणि तोंड वाकडं केलं असतं तर काकू माझ्या चेहऱ्याकडे बघणार, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी श्वास रोखला आणि म्हणाले, “छान आहे काकू. नारळासारखा येतोय.”

“डोळ्यांना झोंबत नाही ना?”

“नाही.”

काकूंनी सहा डबे ठेवून घेतले.

दोन दिवसांनी एका शाळेतल्या शिक्षिका आल्या. दुसऱ्या दिवशी भावाचं लग्न, केस कमरेपर्यंत. नेमका त्या सकाळी खाली रस्ता फोडायला घेतला होता आणि धुळीचे लोट थेट ओल्या केसांवर येत होते. काकू खिडकीपाशी गेल्या, थांबल्या, मला म्हणाल्या, “क्रीमला काही नाहीये ना? मग ही एक खिडकी लावून घेते.” मी मान डोलावली. चार वर्षांत काम चालू असताना त्यांनी खिडकी लावलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या खिडकीतूनही धूळ आली तेव्हा तीही अर्धी ओढून घेतली.

अर्ध्या तासात शिक्षिकाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सुरेखा खोकायला लागली ती थांबेना. मी बेसिनकडे धावले आणि उलटी झाली. मान वर करून आरशात बघितलं तर मागे निळसर धूर, त्यात आम्ही तिघी रडवेल्या, आणि त्या धुराच्या अगदी मधोमध काकू उभ्या. डोळे त्यांचेही वाहत होते. पण हातात मशीन तसंच धरलेलं, चेहऱ्यावर नुसता गोंधळ. “काय झालं? कशाने झालं? मला सांगा ना काय झालं,” असं त्या एकेकीला विचारत होत्या.

मग त्या भानावर आल्या. ‘बंद’ म्हणून त्यांनीच प्लग काढला, दोन्ही खिडक्या ढकलल्या, आम्हाला तिघींना हाताला धरून जिन्यावरून खाली नेलं. स्टेशनरीवाल्याच्या बाकावर बाईंना बसवून डोळ्यांवर पाणी मारलं. तासाभराने बाई बऱ्या झाल्या, पण केस अर्धे सरळ आणि अर्धे कुरळे राहिले होते. काकूंनी ते चार वेळा धुतले, हात जोडून माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लग्नाच्या हॉलवर जाऊन साध्या ड्रायरने केस करून दिले. बाई अजून त्यांच्याकडेच येतात.

त्या दुपारी सुरेखाला त्यांनी घरी पाठवलं. मला जिन्यात बसवलं आणि एक पायरी खाली स्वतः बसल्या.

“परवा तुला वास आला होता ना?”

मी हो म्हणाले.

“मग नाही का म्हणालीस?”

मी सांगितलं. तीन महिन्यांचं, आधीच्या वेळचं, सासूबाईंच्या वाक्याचं, सगळं. रडत रडत सांगितलं आणि शेवटी जरा रागानेच म्हणाले की तुम्हीही होतात ना तिथे, तुम्हालाही नाक आहे.

काकूंनी खालच्या पायरीवरचा खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “मला येत नाही गं वास. कसलाच. तेरा वर्षं झाली.”

त्याआधी त्या ठाण्याला एका मोठ्या पार्लरमध्ये होत्या. काचेची बंद केबिन, एसी, आणि दिवसभर केस सरळ करायचं हेच काम. एकदा घरी त्या पेपर वाचत बसल्या होत्या आणि शेजारीण दार बडवायला लागली. गॅसवर दूध जळून पातेलं लाल झालं होतं, घरभर धूर होता आणि काकू दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. तेव्हा त्यांना कळलं. डॉक्टरांनी कारण छातीठोकपणे सांगितलं नाही, पण काकूंना ते विचारायची गरज वाटली नाही. नोकरी सोडून त्यांनी दोन खिडक्यांची जागा शोधली. कुणाला बोलल्या नाहीत, कारण वास न येणाऱ्या बाईच्या हातात डोकं कोण देणार. त्या बोळ्यांच्या मुलाखतीचा अर्थ मला तेव्हा लागला. माझी हुशारी बघून कुणी मला घेतलं नव्हतं. त्यांनी मला स्वतःचं नाक म्हणून ठेवलं होतं, आणि त्या नाकाने त्यांना फसवलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

मला वाटलं, आता मला काढणार. काकू उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, “चूक माझी आहे. येईल त्या बाईला विचारत बसले आणि तुम्हा दोघींना एकदाही विचारलं नाही. चल, डॉक्टर किती वाजता बसतात तुझे?”

डॉक्टरीणबाईंकडे काकू क्रीमचा डबा पिशवीत घालून आल्या. मी सोनोग्राफीच्या टेबलावर पडले होते आणि मला नुसती पंख्याची घरघर ऐकू येत होती. मनात एकच, की मी दृष्ट लागायच्या भीतीने खोटं बोलले आणि त्यापायी हे जाऊ नये. मग डॉक्टरीणबाईंनी आवाज मोठा केला. ठोके लागत होते, भराभर. एका वेळच्या धुराने बहुतेक काही होत नाही, पण आता यापुढे अजिबात नको, असं त्या म्हणाल्या. बाहेर काकू नर्सला सांगत होत्या की फरशी ओली आहे आणि पोटुशा बायका येतात इथे. माझं तोंड बघून त्या खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसले.

सुरेखाला त्यांनी सांगितलं की माझ्या हातांना फोड आलेत, म्हणून मी आता फक्त कार्डं लिहिणार. सुरेखा माझ्या स्वच्छ हातांकडे बघून म्हणाली, हो, दिसतायत फोड, आणि तीन महिने पूर्ण होईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. उरलेले डबे काकूंनी त्या विक्रेत्याला परत दिले, आणि जिन्यातल्या पाटीवरून केस सरळ करायची ओळ रंग लावून पुसली. मी म्हटलं, दुसरं क्रीम आणू, सुरेखा वास घेईल. “तिने का घ्यावा?” असं त्यांनी विचारलं. मी परत कार्डं लिहायला घेतली. लग्नसराईतल्या अर्ध्या नवऱ्या समोरच्या काचेच्या सलूनमध्ये गेल्या. काकू खिडकीतून त्यांना जाताना बघायच्या आणि आतल्या बाईचं तेल कोमट करायच्या.

मुलगी झाली, माहेरी, कोलशेतला. काकू विसाव्या दिवशी आल्या. झबली-टोपडी सगळेच आणतात, काकूंनी बोथट टोकांची नखं कापायची कात्री आणि विजेच्या प्लगांची झाकणं आणली. बांगड्या, अंगठी काढून ठेवली, कोपरापर्यंत हात धुतले. आईने नुकतीच धुरी दिली होती. काकूंनी न विचारता खिडकी उघडली, आणि आई चहा ठेवायला जरा आवाज करतच आत गेली.

बाळाला घेतलं की येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिच्या टाळूवर नाक टेकवायचं. सासूबाईंनी टेकवलं, आत्याने टेकवलं, शेजारच्या आजोबांनीसुद्धा. काकूंनीही टेकवलं. बराच वेळ टेकवलं, जोराने श्वास आत ओढला, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“कसा येतो गं?”

हा प्रश्न त्यांनी मला हजार वेळा विचारला असेल, बाटल्यांसाठी, दुधासाठी, वाऱ्यासाठी. गोड काहीतरी सांगावं असं वाटलं, आणि ते त्यांना आवडलंही असतं. पण या बाईशी एकदा गोड बोलून झालं होतं. मी उठले, बाळापाशी वाकले आणि नीट वास घेतला.

“टाळूला खोबरेल तेल आणि दूध,” मी म्हणाले. “कोमट. उन्हात वाळवलेल्या मऊ दुपट्यासारखा येतो. आणि खाली, हनुवटीपाशी, आंबट.”

“आंबट कशाने?” म्हणून काकूंनी तिची हनुवटी दोन बोटांनी हलकेच उचलली. मानेच्या घडीत ओघळलेलं दूध साठलं होतं आणि खालची कातडी लाल झाली होती. आईने पाहिलं नव्हतं, मीही नव्हतं. काकूंनी कोमट पाणी मागवलं, कापूस भिजवून घडी पुसली, कोरडी केली, फुंकर घातली नाही.

“आता?”

मी परत वाकले. “आता नाही.”

काकूंनी ते मानलं. मग बाळाला छातीशी घेऊन, डोळे मिटून, त्यांनी तिच्या टाळूवर पुन्हा नाक टेकवलं आणि चहा निवून जाईपर्यंत तसंच ठेवलं.